टाचेखालची माती

अंगठा आत गेला. जायला नको होता. झाडाच्या बुडाशी असलेल्या सगळ्यांत खालच्या गड्डीवर त्याने अंगठा टेकवला होता, जरासाच दाब दिला होता, आणि ती टणक लागायच्या ऐवजी आतल्या आत बसली, उशीत डोकं बसावं तशी. त्याने हात मागे घेतला आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे नजर टाकली. परसात कुणी नव्हतं. रात्री दव गोठलं होतं आणि गवताची पाती पांढरी होऊन ताठ उभी राहिली होती. चपलेखाली ती साखर चिरडावी तशी करकरत होती. याच पांढऱ्या सकाळची तो कधीपासून वाट पाहत होता. थंडीचा एक सणसणीत तडाखा बसल्याशिवाय गोटीला गोडी येत नाही असं बायको म्हणायची, आणि तो बसेपर्यंत झाडाला हात लावायची घरात कुणाची टाप नसायची. बियांच्या पाकिटावर ब्रसेल्स स्प्राउट असं नाव होतं, पण तिने पहिल्याच वर्षी ते मोडीत काढून गोटीकोबी असं नवं ठेवलं होतं. माणसाच्या कमरेइतका उंच दांडा, दांड्याला बुडापासून खेटून बसलेल्या गोटीएवढ्या कोबीच्या गड्ड्या आणि डोक्यावर पानांची छत्री. आज खिडकीतून पांढरं गवत दिसताच त्याने बायकोचाच जुना स्वेटर अंगात अडकवला, स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि बाहेर आला. आज तिच्या तोंडात घालायची पहिली गोटी त्याला स्वतःच्या हाताने काढायची होती. आणि अंगठा आत गेला होता.

त्याने वरची गड्डी दाबली. तीही बसली. तिच्या वरची तर दाबायची गरजच नव्हती. पानं एकमेकांचा हात सोडून बाहेरच्या बाहेर वळली होती, आणि आत पाहावं तर आणखी पानं, त्यांच्या आत आणखी, गाभा म्हणून कुठे नाहीच. तो ओळीतून पुढे सरकला. सगळीकडे तेच. इतके दिवस त्याने ही झाडं बघितली नव्हती असं नाही, रोज बघितली होती. पण वरच्या पानांच्या छत्रीखाली वाकून, बोटाने चाचपून पाहायचा धीर त्याला झाला नव्हता, आणि लांबून दिसणारं हिरवं-गोल त्याने घट्ट समजून घेतलं होतं. मग त्याला तिची परीक्षा आठवली. रोप लावून झालं की ती एक पान चिमटीत धरून ओढायची. "पान फाटलं पाहिजे, रोप हललं नाही पाहिजे," असं म्हणायची. फाटक्या पानाचा तुकडा त्याच्या नाकासमोर नाचवून म्हणायची, "बघा, याला म्हणतात पाय रोवणं." त्याने एक पान धरलं आणि ओढलं. पान फाटलं नाही. सगळं झाडच मुकाट्याने त्याच्याकडे झुकलं, आणि बुंध्याभोवतीच्या मऊ, भुसभुशीत मातीत एक भेग पडली. त्या भेगेकडे पाहताना त्याला कळलं की हे कुणी केलं.

त्यानेच केलं होतं. कीड नाही, हवा नाही, बियाणं नाही. गल्लीत ज्याला सगळे कवळीवाले काका म्हणत, जो उभ्या जन्मात कुणाशी आवाज चढवून बोलला नव्हता, त्या माणसाने संध्याकाळी-संध्याकाळी तिच्या हातखुरप्याने माती सैल करून करून या झाडांचे पाय काढून घेतले होते. लावली होती तिनेच, उन्हाळा तोंडावर असताना. ती शाळेत खेळाची बाई होती. निवृत्त झाली तरी गळ्यातली शिट्टी काय ती गेली होती, आवाज तोच होता. रोप खड्ड्यात ठेवायचं, माती लोटायची, आणि मग दोन्ही टाचा जुळवून, अंगाचा सगळा भार टाकून, रोपाभोवती धप्प धप्प नाचायचं. तो पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेला असायचा आणि प्रत्येक टाचेसरशी त्याच्याच अंगावर शहारा यायचा. "अगं, मुळं गुदमरतील ना त्यांची," तो एकदा म्हणाला होता. ती थांबली, घाम पुसला आणि म्हणाली, "याची जात वेगळी आहे. याला जमीन कडक लागते. तुमच्यासारखी मऊ मिळाली की लाडावतं आणि फुलून बसतं. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, हे जगाला सांगून काही उपयोग नाही, मऊ असणाऱ्याला सांगावं." तो हसला होता. त्याला हे सगळं पाठ होतं, शब्दन् शब्द, आणि तरीही त्याने खुरपं उचललं होतं. पाठ असणं आणि पटणं यांत केवढं अंतर असतं, हे त्या पांढऱ्या गवतात उभं राहून त्याला थंडीसारखं अंगात शिरताना जाणवलं.

तिला झटका आला तो स्वयंपाकघराच्या दारात. तो अंघोळ करून आला होता, ओला टॉवेल नेहमीसारखा खुर्चीच्या पाठीवर टाकला होता आणि वर्तमानपत्र उघडलं होतं. "अहो, तो ओला टॉवेल किती वेळा सांगितलं की खुर्ची—" एवढंच. पुढचे शब्द आलेच नाहीत. त्याला वाटलं, आज दया केली वाटतं. त्याने पान उलटलं. मग काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला म्हणून मान वर केली. ते वाक्य तेव्हापासून घरात तसंच लोंबकळत होतं. त्यानंतर त्याने एकदाही टॉवेल खुर्चीवर टाकला नव्हता. बाहेर दोरीवर, चारही कोपरे ताणून, चिमटे लावून वाळत घालायचा, आणि घालताना दर वेळी मनात त्या वाक्याचा शेवट करून पाहायचा. जमायचं नाही. तिचा आवाज तिथेच तुटायचा, खुर्चीपाशी. इस्पितळात ती पडून राहिली, एक बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, उजव्या हाताची मूठ आवळलेली. तिथल्या व्यायाम घेणाऱ्या माणसाने सांगितलं, मूठ हळूहळू उघडत जा, एकेक बोट, चोळून, ऊब देऊन, घाई नको. तो रोज बसून ते करायचा. अंगठा, मग तर्जनी, मग मधलं. करंगळीपर्यंत यावं तोवर अंगठा पुन्हा आत वळलेला असायचा. घरी यावं तर परसात तिने तुडवून ठेवलेली ती माती, तशीच आवळलेली, मुठीसारखी. खुरपं तिथेच पडलेलं होतं. त्याने सहज एक ढेकूळ फोडलं. फुटलं. हाताला जरा बरं वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. एक तरी गोष्ट अशी होती की उघडली की उघडीच राहत होती. शेजारचा निवृत्त बसड्रायव्हर कुंपणावरून डोकावून म्हणायचा, "काका, किती गुदगुल्या करता त्या मातीला? हसेल एखाद दिवस." आणि झाडंही कशी तरारली होती! पानं सुपाएवढी झाली, वाऱ्यात डोलायला लागली. त्याने काठ्या रोवून त्यांना सुतळीने बांधलं, आणि बांधताना मनात म्हणाला, येऊन बघ म्हणावं, लाडाने काय होतं ते.

आता तिला शुश्रूषागृहात ठेवलं होतं आणि आज दुपारी परीक्षा होती. तिथे गिळणं शिकवायला एक बाई येत असत. मुलीने त्यांचं नाव घोटबाई ठेवलं होतं, आणि आईचा हा गुण तिच्यात उतरलेला पाहून त्याला एकाच वेळी हसू आणि रडू आलं होतं. घोटबाईंनी मागच्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. गिळायची ताकद आहे, घसा काम करतो, पण त्या तोंडच उघडत नाहीत. चमचा नेला की ओठ मिटतात. नाकातली नळी अशी कायम ठेवता येणार नाही. आज काही पोटात गेलं तर पुढे घरी नेण्याचा विचार करता येईल. नाही गेलं, तर डॉक्टर पोटातून नळी बसवतील, आणि मग जागा वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावरून कुणी घरी गेल्याचं खालच्या मजल्यावर कुणी ऐकलं नव्हतं. त्याने त्यांना विचारलं होतं, "तिला समजतं का? म्हणजे आत आहे का ती?" घोटबाई म्हणाल्या होत्या, "समजत असावं. पण त्या बाहेर येतील तेव्हाच कळेल." त्याच रात्रीपासून त्याच्या डोक्यात गोटीकोबी बसली होती. ती लापशीला तोंड उघडत नाही, कारण आयुष्यभर तिने लापशीला शिव्या दिल्या. तिला तिचं स्वतःचं, तिच्या टाचेखालचं काहीतरी दिलं पाहिजे. घोटून दिलं म्हणून काय झालं, जीभ ओळखेल. जीभ ओळखेल यावर त्याने सगळं लावून टाकलं होतं. दुसरं लावायला काही नव्हतंच. त्याने ती सगळ्यांत खालची फुललेली गड्डी खुडली आणि कुणाला दिसू नये म्हणून स्वेटरच्या खिशात घातली.

मुलगी कालच आली होती. ओट्याशी उभी राहून ती पावाला लोणी लावत होती, आईसारखीच, कडेपर्यंत, एक कण कोरडा न ठेवता. "काढल्या का गोट्या?" तिने न वळताच विचारलं. त्याने सुरी होती तशीच जागेवर ठेवली. तिने वळून पाहिलं. "काय झालं?" "फुलल्या," तो म्हणाला. "सगळ्या?" त्याने मान हलवली. "अहो बाबा, मग काय बिघडलं? घोटूनच द्यायच्या ना? मिक्सरमधून काढल्यावर घट्ट काय न सैल काय, तोच हिरवा चिखल." "तिला कळेल." "बाबा." "तिला कळेल गं. तुला नाही माहीत." मुलीने सुरी खाली ठेवली. तिचा आवाज एकदम खाली आला, जसा आजाऱ्यांपाशी येतो. "बाबा, आज नाही गिळलं तिने तर काय, हे तुम्ही ठरवलंय का? कारण मला वाटतं नाही गिळणार ती. आणि गिळलं तरी घरी आणून तुम्ही काय करणार? तिला उचलणार? कूस बदलणार? ती नाही म्हणाली, ढकललं, की तुम्ही म्हणणार, बरं बाई राहू दे. मला माहीत नाही का? लहानपणी आई अभ्यासाशिवाय खेळायला सोडायची नाही आणि तुम्ही मागच्या दाराची कडी काढून ठेवायचात." "तू रडायचीस." "हो, रडायची. आणि तुम्ही नेहमी चांगले राहिलात, बाबा. वाईट व्हायचं काम सगळं तिच्या अंगावर पडलं." हे ती रागाने बोलली असती तर त्याला सोसलं असतं. तिने ते सुरी पुन्हा उचलून, पावाला लोणी लावत, जवळजवळ मायेने सांगितलं. त्याचा हात खिशात गेला. गड्डीची पानं बोटांना लागली, गार आणि सुटी. या घरात आणखी काय काय आपण असं सैल केलं असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि तो विचार पुढे जाऊ नये म्हणून तो कामाला जायला निघाला.

दातांच्या दवाखान्यामागची त्याची खोली म्हणजे एक खिडकी, एक गॅसची शेगडी आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. खालचे, वरचे, बोळके, अर्धे. प्रत्येकावर पेन्सिलने नंबर. गावातली निम्मी तोंडं त्याला ठाऊक होती आणि त्यांतल्या माणसांना तो रस्त्यात ओळखत नव्हता. हाती येणारा ठसा, त्यात ओतायचं प्लास्टर, मग मेणाची हिरडी, तिच्यात एकेक दात बसवायचा, अंगठ्याने मेण दाबून पाहायचं, थंड झालं की नाही. याच अंगठ्यावर त्याचं पोट होतं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमच्या काकांचं भरतं, असा डॉक्टरांचा जुना विनोद होता आणि प्रत्येक नव्या पोरीला, जी पुढे टेबलाशी बसायची, तो एकदा ऐकवला जायचा. कोपऱ्यातल्या फळीवर बायकोचा जबडा होता. झटक्यानंतर तिची हिरडी बसली, जुनी कवळी ढिली पडली, म्हणून त्याने नवी करायला घेतली होती. ठसा घ्यायला ती तोंड उघडेना, तेव्हा त्याने जुन्या साच्यावरूनच, अंदाजाने, इकडून खरवडून तिकडून भर घालून, मेणात दात बसवले होते. एवढी सुबक कवळी त्याने कुणाला केली नव्हती. पुढचा एक दात तिचा जसा किंचित तिरका होता तसाच तिरका बसवला होता. आज त्याने ती हातात घेतली. दात हसत होते. मागे कुणीच नव्हतं. त्याला एकदम भीती वाटली की ती आता एवढीच आहे, एक साचा, आणि तो रोज जाऊन त्या साच्याची बोटं उघडतो आहे. त्याने कवळी फडक्याखाली झाकली, डॉक्टरांना बरं वाटत नाही म्हणून सांगितलं आणि बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानात त्या होत्या. जाळीच्या पिशवीत, सगळ्या एकाच मापाच्या, धुतलेल्या. त्याने पिशवीवरूनच अंगठा टेकवला. अंगठा आत गेला नाही. हे इतकं सोपं होतं, की त्याला दुकानात उभ्या उभ्या लाज वाटली. दुकानदार म्हणाला, "काका, दाबून काय बघताय, आंबा आहे का तो?" त्याने पिशवी घेतली. घरी येऊन गड्ड्या उकडल्या, घोटल्या, गाळण्यातून काढल्या, मीठ घातलं, लोणी घातलं. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. पिशवीची जाळी ओट्यावरच पडली होती. "विकत आणल्यात?" "तिला सांगू नकोस," तो म्हणाला. मुलगी हसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "तिला कळेल म्हणालात ना सकाळी?" मग तिलाच वाईट वाटलं असावं, तिने पुढे होऊन डब्याचं झाकण लावलं आणि गाडीची किल्ली शोधायला गेली. रस्ताभर डबा त्याच्या मांडीवर होता. डब्याची ऊब मांडीला लागत होती आणि खिशातली गड्डी पोटाला गार लागत होती. जन्मभर आपण हेच तर केलं, त्याच्या मनात येत राहिलं. खऱ्यासारखं दिसेल असं करून तोंडात बसवून दिलं. बसलं की लोक आरशात बघतात, हसतात, थँक्यू म्हणतात. पण ती आरशात बघणाऱ्यांतली नव्हती. एकदा त्याने तिच्या वाढदिवसाला आणलेली साडी हाताने चुरगाळून बघून ती म्हणाली होती, "रेशीम आहे म्हणून सांगितलं ना तुम्हाला? आणि तुम्ही हो म्हणालात." आणि तरी ती साडी तिने विटेपर्यंत वापरली होती.

शुश्रूषागृहाच्या खोलीत खिडकीशी तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. केस कुणीतरी भलताच भांग पाडून विंचरले होते. तिने असा भांग कधी पाडला नव्हता. नाकाला नळी चिकटपट्टीने लावलेली. पाय खुर्चीच्या पत्र्याच्या पायटीवर, लोकरीच्या मोज्यांत. घोटबाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या, दोन बोटं तिच्या गळ्याच्या घाटीवर हलकेच ठेवली आणि म्हणाल्या, "मावशी, आज घरचं आलंय बरं का. काकांनी केलंय." ती खिडकीबाहेर पाहत होती. घोटबाईंनी त्याला खूण केली. त्याने चमच्याच्या टोकावर हिरवा गोळा घेतला आणि तिच्या ओठांपाशी नेला. ओठ मिटले. इतके मिटले की भोवतीची कातडी पांढरी पडली. "अगं, गोटीकोबी आहे," तो म्हणाला. "आपली. परसातली. काल दव गोठलं रात्री." स्वतःचा आवाज त्याला दुकानदारासारखा वाटला. ओठ तसेच. चमचा ओठांना टेकला, हिरवा ठिपका उमटला, मुलीने पटकन रुमालाने पुसला. पुन्हा नेला. पुन्हा तेच. घोटबाई धीराने म्हणत होत्या, घाई नाही, थोडं थांबू, आता परत. दाराशी शुश्रूषागृहाची व्यवस्थापक येऊन उभी राहिली, छातीशी कागद धरून. तिने नुसतं घड्याळाकडे पाहिलं आणि मग मुलीकडे. मुलीने मान खाली घातली. त्याला ती मान खाली जाताना दिसली आणि त्याच्या आतलं काहीतरी सुटलं. त्याच्या तोंडून विनवणी निघाली, लाजिरवाणी, सगळ्यांसमोर. "खा गं. एवढं खा. मी काय करू सांग. नाहीतर वर नेतील तुला. मी एकटा काय करू त्या घरात?" ती खिडकीबाहेर पाहत राहिली. तिचा चेहरा त्याच्या फळीवरच्या साच्याइतका कोरडा होता. मग त्याला कळलं की आता आपल्याकडे देण्यासारखं काहीच उरलेलं नाही, आणि अशा वेळी माणूस खिसे चाचपतो तसे त्याने खिसे चाचपले. सकाळची गड्डी हाताला लागली. ती त्याने बाहेर काढली, कशासाठी ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तिच्या चांगल्या डाव्या हातात ठेवली. "खोटं बोललो," तो म्हणाला. "आपल्या अशा झाल्यात. सगळ्याच्या सगळ्या."

डावा हात हलला. ते सगळ्यांनी पाहिलं. तिने मान खाली केली, हातातल्या गड्डीकडे पाहिलं, आणि अंगठा तिच्यावर टेकवून दाबला. अंगठा आत गेला. पानं उघडली. ती त्या उघड्या पानांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग नजर वर आली, त्याच्या चेहऱ्यावर आली, आणि तिथे थांबली. झटक्यानंतर इतक्या दिवसांत ती त्याच्याकडे पाहत नव्हती, त्याच्या दिशेला पाहत होती; हा फरक त्याला आत्ता कळला. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. खुरप्याने उठलेला, सुकत आलेला फोड अंगठ्याच्या बुडाशी होता. पुन्हा चेहऱ्याकडे. तिला कळलं होतं. माती कुणी उकरली, किती वेळा, कशासाठी, सगळं तिला कळलं होतं, जसं नेहमी कळायचं, त्याने तोंड उघडायच्या आत. पत्र्यावर धप्प असा आवाज झाला. त्याने खाली पाहिलं. मोज्यातली डावी टाच उचलली गेली होती आणि पायटीवर आपटली होती. पुन्हा उचलली. पुन्हा आपटली. धप्प. धप्प. तिच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली, नाकपुड्या फुलल्या, आणि त्याच्या साऱ्या संसारात त्याने जो आ वासलेला पाहिला होता, वीज पडायच्या आधीचा, तो आ तिने वासला. आवाज फुटेना. घशातून नुसती हवा येत होती, घरघरत, आणि मागे आख्खं एक भांडण दाराशी येऊन अडलेलं. "काका!" घोटबाई ओरडल्या. "आता! द्या!" चमचा त्याच्या हातात होता. एक क्षण त्याचा हात नेहमीसारखा मऊ पडला. तिला बोलायचं आहे, तिला बोलू द्यावं, बिचारीच्या उघड्या तोंडात असं दगा देऊन काही घालू नये. धप्प, टाच आपटली. त्याने चमचा आत घातला. दाताच्या कामात घालतात तसा, सरळ, जिभेच्या मधोमध, आणि दाबून बाहेर काढला. ओठ मिटले. तिचे डोळे संतापाने गरगर फिरले. सगळी खोली तिच्या गळ्याकडे पाहत होती. घोटबाईंच्या दोन बोटांखाली घाटी वर गेली आणि खाली आली.

पुढचा चमचा तिने घेतला नाही. त्याच्या पुढचाही नाही. तोंडाला पुन्हा कुलूप लागलं, पण डोळे खिडकीकडे गेले नाहीत. ते त्याच्यावरच रोखलेले राहिले, आणि अधूनमधून पत्रा वाजत राहिला. घोटबाईंनी व्यवस्थापकाला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगितलं. परत येऊन त्या म्हणाल्या, "एका घोटावर मी काही लिहून देऊ शकत नाही, काका. पण नाही असंही आज लिहिणार नाही. शुक्रवारी पुन्हा बघू. शुक्रवारी मात्र शेवटचं." मग त्या हळूच म्हणाल्या, "काय केलंत तुम्ही? काय होतं ते?" "माझी चूक होती," तो म्हणाला. घोटबाईंना वाटलं तो विनयाने बोलतो आहे. गाडीत मुलगी रडली, मग हसली, मग गाडी कडेला घेऊन पुन्हा रडली. "बाबा, तिचा चेहरा बघितलात? मला वाटलं, आता शिट्टी मारते." त्याला आनंद झाला होता की नाही, हे त्याचं त्यालाच सापडत नव्हतं. ती आत होती. इतके दिवस ती आत होती, सगळं पाहत, बोलायला तोंड नाही, आणि तो मूठ उघडत बसला होता. शुक्रवार डोळ्यांसमोर उभा राहिला. तिचं तोंड पुन्हा उघडायला काय न्यायचं? चूक एकदा दाखवून झाली की ती जुनी होते. आज गिळलेला घोट बाजारातला होता, हे सांगता येईल. त्यावर ती नक्की उखडेल, पण तेवढ्याने भागेल का? एक आ, दुसरा आ, तिसरा? घरी जायचं तर किती चुका लागतील आणि त्याच्याकडे त्या आहेत तरी का पुरेशा? आयुष्यभर मऊ राहून माणसाच्या नावावर काय जमतं?

घर गार पडलं होतं. मुलगी चहा टाकायला आत गेली. तो परसात उभा राहिला. सकाळचं पांढरं सगळं विरघळून गेलं होतं आणि गवत नुसतं ओलं, मळकट दिसत होतं. उकरलेल्या मातीत झाडं एकमेकांकडे कलून उभी होती. त्याने एका बुंध्याशी टाचा जुळवल्या आणि एकदा, चुकत-माकत, अंगाचा भार टाकून पाहिला. आता त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्याला माहीत होतं. गड्ड्या पुन्हा मिटत नाहीत. शेजारचा ड्रायव्हर कुंपणावरून म्हणाला, "काय काका, गुदगुल्या संपल्या?" त्याने मान हलवली आणि दोरीकडे गेला. टॉवेल चारही कोपरे ताणून, चिमट्यांत, इस्त्री केल्यासारखा वाळला होता. त्याने चिमटे काढले. आत येऊन तो नळाखाली धरला, गच्च भिजवला, न पिळताच खुर्चीपाशी आला आणि पाठीवर टाकला. पाणी फरशीवर ठिबकायला लागलं. मुलगी कप घेऊन आली आणि दारातच थांबली, जिथे तिची आई थांबली होती तिथेच. "अहो बाबा, हे काय? ओला टॉवेल—"

"थांब," तो म्हणाला. "तू नको बोलूस." त्याने कपाटातून पिशवी काढली. "हा तिच्यासाठी आहे. शुक्रवारी न्यायचाय."